निघालेली चिठ्ठी परत टाकायची का

१ ऑगस्ट, शुक्रवार. सुट्टीचा दिवस होता आणि मी जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या कापत बसले होते.

कुवेतमधल्या आमच्या दहा मराठी घरांचा मिळून एक गणपती असतो. दीड दिवसाचा. दरवर्षी तो एका घरी बसतो आणि बाकीचे तिथे जमतात. कोणाच्या घरी, ते महिनाभर आधी चिठ्ठी काढून ठरतं. चिठ्ठ्या कापण्याचं काम माझ्याकडे आहे. मी जाब्रियातल्या एका हॉस्पिटलात ब्लड बँकेत टेक्निशियन आहे, आणि माझ्या हातून सगळं एकसारखंच निघतं असा ग्रुपचा समज आहे. समज चुकीचा नाही. कागद एकच, माप एकच, घड्या दोन. एखादी चिठ्ठी जाड राहिली की बोटांना कळतं, आणि बोटांना कळलं की सोडतीला अर्थ राहत नाही.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मुलगी सुट्टीतला अभ्यास करत होती. ती बारावीला आहे. धडा संभाव्यतेचा होता आणि चेहरा उपकार केल्यासारखा.

"पिशवीत चार लाल आणि सहा पांढरे बॉल्स आहेत," ती वाचत होती. "दोन काढले. दोन्ही लाल निघण्याची प्रोबॅबिलिटी. विथ रिप्लेसमेंट अँड विदाऊट."

"मग काढ."

"मम्मा, आय नो द फॉर्म्युला."

"फॉर्म्युला विचारला नाही मी. काढ म्हटलं."

स्वयंपाकघरातून चार दाणे राजमा आणि सहा दाणे काबुली चणे आणले, स्टीलच्या डब्यात टाकले आणि डबा तिच्यापुढे सरकवला. तिने डोळे मिटून एक दाणा काढला. राजमा निघाला.

"आता तो परत टाकलास तर डब्यात काय आहे?"

"सेम. दहात चार."

"आणि नाही टाकलास तर?"

"नवात तीन."

"झालं. परत टाकला तर दोन्ही वेळा दहात चार. गुणाकार केला की शंभरात सोळा. न टाकता केला तर दहात चार गुणिले नवात तीन, म्हणजे शंभरात तेरा आणि थोडं वर. पहिला दाणा बाहेर राहिला की दुसऱ्याला त्याचा हिशेब ठेवावा लागतो. परत टाकला की डबा सगळं विसरतो. एवढाच धडा आहे."

"टीचरने तीन पीरियड घेतले याला," ती म्हणाली. हे कौतुक होतं असं मी धरून चालले.

तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या होत्या, हातात वाटीभर लिंबाचं लोणचं. हवल्लीतल्या या इमारतीत आम्ही खाली आणि त्या वर, बरोब्बर आमच्या डोक्यावर, अशी बरीच वर्षं चालली आहेत. त्यांचे यजमान मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत इंजिनियर आहेत. डिसेंबरमध्ये ते निवृत्त होणार आणि दोघं कायमची नाशिकला परतणार. त्यामुळे वहिनी घरातलं एकेक काहीतरी संपवत होत्या. लोणचं त्यातलंच.

चिठ्ठ्या बघून त्या उभ्याच राहिल्या.

"यंदा आमची टाकू नकोस," त्या म्हणाल्या.

"का?"

"आठ वर्षं टाकतेयस. आला का एकदा तरी? त्याला माझ्या घरी यायचंच नाहीये. उगाच दरवर्षी सगळ्यांसमोर तोंड पाडून बसायचं."

वहिनींसाठी ही साधी गोष्ट नव्हती, हे मला माहीत होतं. नाशिकला त्यांच्या सासरचा गणपती थोरल्या जावेकडे असतो. तो पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. एका घराण्यात दुसरा बसवायचा नाही, आणि एकदा बसवला की मध्येच सोडायचा नाही, अशी त्यांच्याकडची रीत. म्हणजे स्वतःच्या उंबरठ्यातून मूर्ती आत आणायची, स्वतः जागा मांडायची, हे वहिनींच्या वाट्याला फक्त एकाच मार्गाने येणार होतं: ग्रुपचा गणपती, ग्रुपच्या चिठ्ठीने. आणि त्यासाठी आता हे एकच वर्ष उरलं होतं.

"बसा," मी म्हटलं. "दोन मिनिटं बसा. हिलाच विचारू." मुलीकडे वळले. "दहा चिठ्ठ्या. एका वर्षी एका घराचं नाव न येण्याची शक्यता?"

"नाइन बाय टेन."

"दरवर्षी निघालेली चिठ्ठी आपण परत टाकतो. मग आठही वर्षं न येण्याची?"

तिने फोनवर नऊ दशांशाला आठ वेळा गुणलं. "पॉइंट फोर थ्री."

"शंभरात त्रेचाळीस. म्हणजे वहिनी, दहा घरांपैकी चारेक घरं आठ वर्षांनंतर कोरडी राहणार, हेच अपेक्षित आहे. आणि किती राहिलीत? तुम्ही, आम्ही, जाब्रियाचे डॉक्टर नवरा-बायको आणि ती छोट्या मुलीवाली तरुण जोडी. चार. यात तुमच्या घराचा काही संबंध नाही. मंगफच्या वहिनींकडे तीनदा आला, यात त्यांच्याही घराचा संबंध नाही."

वहिनींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझे आकडे बरोबर असतील. पण हॉलच्या भिंतीला लागून बाथरूम आहे ना. नणंदेने फोटो बघून लगेच सांगितलं. तिथे तो कसा येईल?"

आता मला कळलं, महिन्याभरापूर्वी वरून सामान ओढल्याचा आवाज का आला होता. बेडरूममधलं मोठं कपाट त्यांनी हॉलमध्ये आणून त्या भिंतीला लावलं होतं. त्यामुळे त्यांचं बाहेरचं दार अर्धंच उघडतं आणि घरात शिरताना पोट आत घ्यावं लागतं.

"वहिनी, माझं घर तुमच्या खाली आहे. तोच हॉल, तीच भिंत, तेच बाथरूम."

"मग?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तुझ्याकडे तरी कुठे आलाय?"

मुलगी खोकल्याचं नाटक करून आत गेली. माझाच पुरावा त्यांनी माझ्यावर उलटवला होता.

"बरं, माझी आली तर मी ती तुम्हाला देते," मी म्हणून पाहिलं.

"दिलेला नको मला. यायचा तर चिठ्ठीने येऊ दे." त्यांनी वाटी टेबलावर ठेवली. "नाहीतर राहू दे."

त्या गेल्यावर नवरा आतून आला. त्याने सगळं ऐकलं होतं. "सोपं आहे," तो म्हणाला. "दहाही चिठ्ठ्यांवर त्यांचंच नाव लिही. एक निघेल, बाकीच्या तू खिशात घालशील. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"पुण्याचं काम आहे."

"ब्लड बँकेत मीही उद्यापासून पुण्याचं काम करू का? ज्याला हवा त्याला हवा तो रिपोर्ट?"

तो चहा घेऊन गेला. मला राग नव्हता आला, पण मुद्दा स्वच्छ होता. वहिनींना गणपती घरी हवा होता, आणि आपलं घर वगळलेलं नाही याची खात्रीही हवी होती. खोट्या चिठ्ठीने पहिली गोष्ट मिळाली असती आणि दुसरी कायमची गेली असती. ती खोटी आहे हे फक्त मला ठाऊक असतं, एवढाच फरक.

मी पुन्हा कात्री हातात घेतली आणि मग डब्यातल्या त्या दाण्यांकडे लक्ष गेलं. मुलीने काढलेला राजमा बाहेर टेबलावरच पडला होता. ब्लड बँकेत तपासणीच्या नव्या किटचं खोकं आलं की आम्ही त्यातले काही काढून तपासतो. तपासलेलं किट परत खोक्यात टाकायचं कोणाच्या स्वप्नातही येत नाही. मग गणपतीची चिठ्ठी आम्ही आठ वर्षं परत का टाकत होतो?

सुरुवातीला कोणीतरी म्हणालं होतं, दरवर्षी सगळ्यांना समान संधी हवी. ऐकायला चांगलं वाटलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. त्यात खोट नाही. पण मी मिरजेची आहे, दुसरं कोणी नाशिकचं, कोणी रत्नागिरीचं, आणि आमच्यातलं कोणीही इथलं नाही. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, आहे तोवर राहायचं, संपला की निघायचं. खूप वर्षं सोडत काढत राहिलं की शेवटी सगळ्यांना सारखं मिळतं, हे पुस्तकात ठीक आहे. आमचे इकामे तेवढे लांब नसतात.

मी दहा चिठ्ठ्या पुऱ्या केल्या. दहाच. नियम बदलायचा तर तो सगळ्यांसमोर बदलायचा.

संध्याकाळी सगळे मंगफला जमलो. यजमानीण म्हणजे त्याच, ज्यांच्याकडे तीनदा गणपती आला. बाई मनाने मोकळ्या, पण तीनदाचा विषय निघाला की थोड्या फुगतात. "त्याला आमच्याकडची उकड आवडते, त्याला मी काय करू?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

वरच्या वहिनी आल्या होत्या. त्यांच्या यजमानांनी आणलं असावं. दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या, बस यायची असल्यासारख्या. यजमान मात्र उत्साहात. "आठदा हुकलंय," ते मला म्हणाले, "यंदा आमचीच. लॉ ऑफ ॲव्हरेज."

"भाऊजी, चिठ्ठीला मागची आठ वर्षं आठवत नाहीत. परत टाकल्या तर यंदाही दहात एकच."

"तुम्ही फार कोरड्या बोलता हो."

"म्हणूनच एक सूचना आणलीय." मी डबा मध्ये ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "ज्या घरी येऊन गेलाय, त्या घराची चिठ्ठी आता डब्यात नको. दहाही घरांचं एकेकदा झालं की पुन्हा सगळ्यांच्या टाकू."

"म्हणजे आम्ही बाद?" यजमानीण बाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

"बाद नाही. रांगेत मागे."

"दरवर्षी सगळ्यांना सारखी संधी, यात चूक काय आहे?" कोणाच्या तरी नवऱ्याने विचारलं.

"त्या एका दिवसापुरती चूक काहीच नाही. पण आठ वर्षं एकत्र धरली तर कोणाला तीन आणि कोणाला शून्य. आणि डिसेंबरमध्ये जो जाणार, तो कुठली सरासरी बघायला थांबणार?"

"पण देवाला आपण नियम लावायचे का?" दुसऱ्या एकीने विचारलं. प्रश्न मनापासूनचा होता.

"परत टाकायची हाही नियमच होता. तोही आपणच केला होता, मंगफमध्ये, याच सोफ्यावर बसून."

थोडी चुळबुळ झाली. पटल्यासारखं होतं, पण कोणी पुढे होत नव्हतं. मग मी म्हटलं, "आपण भिशी कशी चालवतो? एकदा जिने उचलली तिची चिठ्ठी पुढच्या महिन्यात टाकतो का?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. भिशीत आमच्यातली एकही बाई निघालेली चिठ्ठी परत टाकू देणार नाही. ते कोणाला शिकवावं लागलं नव्हतं. आणि त्याच बायका दर ऑगस्टमध्ये गणपतीची चिठ्ठी घडी घालून परत डब्यात टाकत होत्या.

"भिशी कोणी तीनदा उचलली असती," यजमानीण बाई हात पुसत बाहेर येत म्हणाल्या, "तर मीच पोलिसात गेले असते."

हसणं ओसरल्यावर त्यांनी स्वतःच डब्यात हात घालून आपली चिठ्ठी शोधली आणि उघडून सोफ्यावर ठेवली. मग बाकीच्या पाच घरांनीही काढल्या. डब्यात चार राहिल्या. त्या मी पुन्हा सारख्या घड्या करून टाकल्या आणि डबा हलवला. दहात एकचं चारात एक झालं होतं. माझ्या हातात होतं तेवढं झालं. चारात एक म्हणजे चारात तीनदा हुकणार, हेही मला दिसत होतं आणि दाराजवळच्या खुर्चीकडे मी मुद्दाम बघितलं नाही.

चिठ्ठी सगळ्यात लहान मूल काढतं. त्या तरुण जोडीची चार वर्षांची मुलगी पुढे आली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि एक काढली. डॉक्टरांची निघाली. ते दोघं आले नव्हते, म्हणून फोन लावून स्पीकरवर टाकला.

"अगं, यंदा नाही जमणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आईचं ऑपरेशन आहे पुण्यात, आम्ही दोघंही असू तिकडे. आमचा नंबर पुढच्या वर्षी ठेवा."

फोन बंद झाला. "मग परत टाका ती, पुन्हा काढू," कोणीतरी म्हणालं.

"परत कशाला?" हा आवाज दाराजवळून आला. वहिनी खुर्चीच्या टोकाला सरकल्या होत्या. "त्या नाही म्हणाल्यात. पुन्हा त्यांचीच निघाली तर? ती बाहेरच राहू दे. आता तीनच आहेत डब्यात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे तीनात एक. मघापेक्षा बरं."

"बरोबर," मी म्हटलं. माझ्या मुलीने त्यांच्याकडे अशा काही आदराने बघितलं, की मला वाटलं ही माझ्याकडे कधी अशी बघेल.

छोटीने दुसरी चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. मी उघडली.

"आमची," मी वाचलं.

वहिनींची गोष्ट बहुतेकांना माहीत होती. नवरा माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत सकाळचं 'बघ, सांगितलं होतं' स्पष्ट दिसत होतं. मी ती चिठ्ठी उचलून वहिनींच्या हातात ठेवली असती तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण सकाळीच त्यांनी सांगितलं होतं, दिलेला नको. मी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली.

वहिनी उठून माझ्याजवळ आल्या. त्यांचा चेहरा पडला होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. डोळेही भरले होते. पण त्या दुसराच काहीतरी विचार करत होत्या.

"तुझं बाथरूम कुठे आहे गं?"

"तुमच्या बाथरूमच्या खाली."

"हॉलच्या भिंतीला लागून?"

"हो."

"कपाटबिपाट काही लावलंयस मध्ये?"

"काही नाही."

त्यांनी मान हलवली. एक मोठा श्वास घेतला. "म्हणजे त्याला बाथरूमचं काही नाही," त्या म्हणाल्या. "माझी आपली निघाली नाही, एवढंच."

"निघाली नाही, एवढंच."

"बरं." पदराने डोळे टिपून त्यांनी पर्स खांद्याला लावली. "मोदक मी करणार. विचारत नाहीये, सांगतेय. तुझे फुटतात."

"फुटतात," मी मान्य केलं.

"आणि मूर्ती आणताना उंबरठ्यावर मीच उभी राहणार पाणी ओवाळायला. तुला ते तांब्याचं नीट जमत नाही."

"तेही ठरलं."

यजमानीण बाईंनी लगेच उकडीबद्दल सल्ला द्यायला सुरुवात केली. वहिनींनी तो सल्ला तिथल्या तिथे धुडकावला, आणि मला खात्री पटली की आता घरी जायला हरकत नाही.

परतताना गाडीत मागच्या सीटवरून मुलगी हळूच म्हणाली, "मम्मा, एका ड्रॉने काही प्रूव्ह होत नाही. वास्तू खरी की खोटी, त्याचा चिठ्ठीशी काही संबंधच नाही."

"माहीत आहे."

"मग तू सांगितलं का नाहीस काकूंना?"

"सकाळी सांगितलं होतं. तेव्हा पटलं नाही. आता त्यांना त्यांच्या मार्गाने पटलंय, तर तू मध्ये पडू नकोस."

मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली. परीक्षेत हा प्रश्न येत नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि माझी सकाळची ड्यूटी. रात्री मी तो डब्यातला राजमा आणि चणे, त्यात आणखी मूठ-मूठ घालून, एकत्रच भिजत टाकले होते. वेगळे करत बसायला वेळ नव्हता. सकाळी त्याची उसळ केली, वहिनींची वाटी धुऊन त्यात भरली आणि वर गेले. दार अर्धं उघडलं. मी पोट आत घेऊन शिरले, वाटी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "भाऊजी उठलेत का?"

"नाहीत."

"मग आपण दोघीच."

त्यांनी कपाटाखाली जुनी चादर सरकवली, मी खांदा लावला. ते जड होतं आणि फरशीवर ओरखडा उठला, पण दहा मिनिटांत आम्ही ते पुन्हा बेडरूममध्ये नेऊन ठेवलं. वहिनींनी बाहेरचं दार पूर्ण उघडून बघितलं, दोनदा. मग मी खाली आले, हात धुतले आणि ड्यूटीला निघाले.